बावन्न किलोमीटरची वाटणी

गिरणगावात हा प्रश्न कुणाला पडला नसावा. माझे सासरे साचेखात्यात होते, सासूबाई वाइंडिंगला, आणि गिरणी एकच. लालबागच्या चाळीचा जिना उतरून दोन वळणं घेतली की फाटक. भोंगा चुलीपाशी ऐकू यायचा. सासऱ्यांची तिसरी पाळी असली की सकाळी सातला ते बाहेर पडत, सासूबाई आत शिरत, आणि पोराला ताप आहे, दूध तापवून ठेवलंय, एवढा संसार फाटकाशी उभ्या उभ्या उरकला जाई. भोंगा पोहोचेल तेवढी वस्ती. त्यापलीकडे राहण्याचं कारणच नव्हतं. १९८२ च्या संपानंतर ते सगळं उठलं. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर काचेच्या इमारती आहेत आणि तिथे कामाला यायला माणसं विरार आणि कर्जतहून निघतात.

म्हणून आमचं लग्न ठरल्यावर सासूबाईंना खरोखर कळेना की अडचण काय आहे. "नोकरीजवळ एक घर घ्या की." कोणाच्या नोकरीजवळ, हा पुढचा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. त्यांच्या आयुष्यात त्याला जागा नव्हती. नवऱ्याचं ऑफिस फोर्टात. मी बँकेत, आणि लग्नाच्या तोंडावर माझी बदली झाली होती वसईच्या शाखेत. तो सकाळी दक्षिणेकडे जाणार, मी उत्तरेकडे.

आम्ही नकाशा उघडून बसलो. नकाशा म्हणजे तरी काय, पश्चिम रेल्वेची एक उभी रेघ. बाकीच्या शहरांना लांबी-रुंदी असते, नोकरदार मुंबईकराच्या शहराला फक्त लांबी असते. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर. नवऱ्याला आकडेमोडीची हौस, त्याने वहीत मांडलं: दादरला राहिलो तर तो दहा, मी बेचाळीस. बोरिवलीला राहिलो तर तो चौतीस, मी अठरा. मग तो थांबला. मीही पाहिलं. घर कुठेही घ्या, बेरीज बावन्नच. या दोन टोकांच्या मध्ये कितीही हुशारीने जागा शोधली तरी आमच्या संसाराचा एक मीटरसुद्धा वाचणार नव्हता. वाचवायचं नव्हतंच काही, फक्त वाटून घ्यायचं होतं. घर शोधायला बसलो होतो आणि समोर आली वाटणी. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, इथे तर अजून अक्षताही पडल्या नव्हत्या.

अर्धं अर्धं करू, हे पहिलं उत्तर. पण अर्धं कुठे येतं? स्टेशनं मोजली तर चर्चगेट ते वसई रोड सत्तावीस, मधलं चौदावं येतं सांताक्रूझ. किलोमीटर मोजले तर मध्य सरकतो गोरेगावच्या आसपास. दक्षिणेकडे स्टेशनं खेटून उभी आहेत, मरीन लाइन्सहून चर्नी रोड चालत गाठता येतं. उत्तरेकडे भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये अख्खी खाडी आहे, आणि खाडीच्या मधोमध पाणजू नावाचं बेटही. भाड्याने मोजलं तर मध्य आणखी कुठेतरी. दक्षिणेकडे सरकावं तसं भाडं वाढतं आणि खोली आकसते. शेवटी आमच्या ऐपतीत स्वयंपाकघरासकट मावणारा मध्य अंधेरीच्या वरच कुठेतरी निघणार, हे दिसत होतं.

खरा घोळ किलोमीटरचा नव्हताच, गर्दीचा होता. सकाळी मुंबई दक्षिणेकडे कलते. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात: एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. एक चौरस मीटर म्हणजे आमच्या लग्नात आलेल्या चौरंगापेक्षा थोडासाच मोठा. त्यात चौदा माणसं, त्यांच्या बॅगा, डबे, आणि एखाद्याचा मोबाइलवर चाललेला हरिपाठ. नवरा या दिशेने जाणार होता. बोरिवलीला राहिला तर विरारहून भरून आलेल्या गाडीत त्याला सकाळी शिरता येणार नाही, आणि संध्याकाळी त्याच गाडीत शिरला तर "बोरिवलीची नाही का मिळत?" हे ऐकून घ्यावं लागणार. वसईलाच घर केलं तर मी चालत बँकेत, आणि तो मात्र सीटसाठी आधी उलटा विरारला जाणार आणि तीच गाडी धरून परत वसईवरून पुढे निघणार. रिटर्न येणारी अशी कितीतरी माणसं आहेत. आपल्या स्टेशनवरून रोज दोनदा जातात, एकदा पाठमोरी.

माझी दिशा उलटी. सकाळी उत्तरेकडे जाणारी गाडी म्हणजे या शहरातली एक गुप्त चैन आहे. बायकांच्या डब्यात विंडो मिळते, पाय लांब करता येतात. शाळेत निघालेल्या बाई वह्या तपासत असतात. रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स खांबाला डोकं टेकून झोपलेली असते. मालडब्यात वसईच्या भाजीवाल्या, पहाटे भरलेल्या टोपल्या घेऊन दक्षिणेला आलेल्या, आता रिकाम्या टोपल्या एकात एक घालून परत चाललेल्या, आणि त्यांचा दिवस संपत आलेला असतो. मिरारोड सुटलं की घरांची रांग विरळ होते, मिठागरं लागतात, मग खाडी. पुलावर गाडीचा आवाज बदलतो आणि डब्यातले दोन-चार हात अजूनही कपाळाकडे जातात. समोरून येणाऱ्या गाडीच्या दारात माणसं लटकलेली दिसतात. नवरा त्यांतलाच एक, आणि मी खारे दाणे खात बसलेली.

हे मी कौतुकाने सांगितलं आणि वाद सुरू झाला. "तू बसून जातेस. मग तुझा एक तास आणि माझा एक तास सारखा कसा? घर दक्षिणेकडे हवं." मुद्दा बिनतोड होता. पण मला तो पचेना, आणि का पचत नाही ते सांगताही येईना. सांगता आलं ते पुढे, कामातल्याच एका अहवालात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातला आकडा दिसला तेव्हा. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७. म्हणजे गाडीतून उतरल्यावर माझा एक मोठा प्रवास शिल्लकच असतो, आणि त्यात विंडो नसते. नवरा दमून घरी येतो तो पोहोचलेला असतो. मी ताजीतवानी घरी येते ती निघालेली असते. मग कोणाचं घर कोणाच्या कामाच्या जवळ हवं? हे मी आकड्यासकट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वही मिटली आणि भांडी घासायला घेतली. चांगला माणूस आहे. पण एका संध्याकाळच्या भांड्यांनी २९९ आणि ९७ यांची गाठ पडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

माझ्या बँकेतल्या बऱ्याच बायकांनी हे गणित मांडलंच नव्हतं. घर नवऱ्याच्या सोयीने ठरलं, मग त्या घराच्या सोयीची शाखा त्यांनी मागून घेतली. त्यासाठी प्रमोशन नाकारलं, कारण प्रमोशन म्हणजे बदली. लोक म्हणतात, तिला करिअरची हाव नाही. हाव नव्हती की गाडी नव्हती, हे कुणी विचारत नाही.

मग ब्रोकर. त्यांच्याबद्दल लिहायला वेगळा निबंध लागेल. ब्रोकरची "स्टेशनपासून पाच मिनिटं" ही पहाटे चार वाजता, उतारावर, रिकाम्या हाताने धावणाऱ्या माणसाची पाच मिनिटं असतात. पूर्व की पश्चिम यालाही अर्थ असतो. रुळांच्या चुकीच्या बाजूला घर घेतलं की रोजच्या रोज पूल चढावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी पूल हे एक जास्तीचं स्टेशनच असतं. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, एका महिन्याचं भाडं दलाली, हे सगळीकडे सारखंच. त्यापुढचा प्रश्न मात्र वस्तीगणिक बदलायचा. एका सोसायटीत सगळं ठरलं, सेक्रेटरींनी चहा पाजला आणि जाता जाता विचारलं, "मासे वगैरे खात नाही ना?" नवऱ्याने बाणेदारपणे सांगितलं, "खातो, आणि वगैरेही खातो." ती जागा गेली. किलोमीटर, गर्दी, भाडं अशा सगळ्या चाळण्यांतून उतरलेलं घर बोंबलावर अडकलं.

ठरलं ते गोरेगाव, आणि ठरलं ते हार्बर लाइनमुळे. २०१८ साली हार्बरची गाडी अंधेरीहून पुढे गोरेगावपर्यंत आली. ती गोरेगावलाच सुटते, म्हणजे रिकामी मिळते, आणि माहीम, किंग्ज सर्कल, वडाळा करत थेट सीएसएमटीला जाते. म्हणजे फोर्टातच. फास्टपेक्षा हळू, पण बसून. नवऱ्याने वेळ देऊन सीट घेतली. मला फास्ट गाड्या सोडाव्या लागल्या, त्या गोरेगावला थांबत नाहीत. विरार स्लोची वाट पाहायची, नाही तर बोरिवलीला बदलायचं. दोघांनीही काहीतरी सोडलं होतं, आणि आपणच जास्त सोडलं असं दोघांनाही वाटत होतं. वाटणी बरी झाल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

वस्ती आपली कधी झाली, ते कळलं नाही. वहीत तिचा रकानाच नव्हता. मृणालताई गोरे याच गोरेगावच्या. पाण्यासाठी त्यांनी इतके मोर्चे काढले की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. मजल्यावरच्या आजी, "आमच्या हंड्यांच्या मोर्च्यामुळे तुमच्या शॉवरला पाणी आहे," असं मला अधूनमधून ऐकवतात. पूर्वेला आरेचं जंगल, पश्चिमेला मासळीबाजार, कोपऱ्यावर पाळणाघर. पाळणाघराची वेळ सातपर्यंत. सातनंतर तिथल्या ताई काही बोलत नाहीत, फक्त आमच्या मुलाला बूट घालून दारात बसवून ठेवतात.

मूल झाल्यावर उलट्या दिशांचं एक बळ लक्षात आलं, जे दोघं एकाच गाडीने जाणाऱ्यांकडे नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ च्या आसपास. एकाच शहरात, एकाच दिवशी. पाऊस मुंबईला एकसारखा बुडवत नाही. कधी नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जातात, कधी दादर-परळचा सखल भाग. दोघंही फोर्टात असतो तर एकाच पाण्यात अडकलो असतो. आता उत्तर बुडाली तर तो पोहोचतो, दक्षिण बुडाली तर मी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही जोडपं कमी आणि विम्याची पॉलिसी जास्त असतो. दोन्ही बाजू एकदम बुडाल्या तर शेजारच्या आजी आहेत. त्यांना कुठेच जायचं नसतं.

संध्याकाळी कधी कधी वेळ जुळून येते. त्याची गाडी खालून येते, माझी वरून, आणि आम्ही पुलाच्या पायथ्याशी भेटतो. मग मेथी कोणी घ्यायची, पाळणाघरात कोणी पळायचं, हे चालता चालता ठरतं. एकाच दिशेने जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला याचं नवल वाटतं. ती आणि तिचा नवरा रोज एकाच गाडीने जातात, ती बायकांच्या डब्यात आणि तो जनरलमध्ये, आणि उतरल्यावर गर्दीत एकमेकांना शोधण्यात दहा मिनिटं जातात.

या मे महिन्यात माझ्या बदलीची ऑर्डर आली: ठाणे. नवऱ्याने लगेच वही काढली. फोर्ट ते ठाणे हीसुद्धा एक रेघच, मध्य रेल्वेची. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती याच वाटेने, ३४ किलोमीटर. म्हणजे बेरीज बावन्नावरून एकदम चौतिसावर. तो हरखला. मी आठवण करून दिली की जूनपासून मुलगा गोरेगावच्या शाळेत जाणार आहे, फी भरून झाली आहे, आणि गोरेगाव या रेघेवर नाही. आता बिंदू तीन झाले. गोरेगाव आणि ठाणे यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली तर ती राष्ट्रीय उद्यानातून जाते, आणि ती वाट बिबट्यांनाच सोयीची आहे. मुलुंडला जोडणाऱ्या रस्त्यासाठी डोंगराखालून बोगदे काढताहेत, ते होतील तेव्हा होतील. तोवर मी अंधेरीपर्यंत लोकल, मग मेट्रोने घाटकोपर, मग पुन्हा लोकल.

नवरा बराच वेळ आकडे मांडत होता. मग म्हणाला, "घाटकोपरलाच घर बघितलं तर? मुलाला शाळेत मेट्रोने नेता येईल, तुलाही जवळ, मलाही."

"मासे चालतात का, ते आधी विचार," मी म्हटलं.