नामंजुरीची सबब

जिल्हा कचेरीच्या दप्तरात ज्याने उमेदीची सारी वर्षे घालवली, त्याला नामंजूर झालेल्या अर्जांविषयी एक प्रकारची जवळीक वाटू लागते. मंजूर अर्ज हुकुमासह आपल्या वाटेने निघून जातो, त्याची जमीन मोजली जाते, त्याच्या विहिरीला पाणी लागते किंवा लागत नाही, आणि कचेरीचा त्याच्याशी संबंध तेथेच संपतो; नामंजूर अर्ज मात्र मिसलीत मुक्काम करतो, त्याच्या पाठीवर कारकुनाचा शेरा, शेऱ्याखाली अंमलदाराची सही, आणि त्या दोहोंच्या मध्ये, कितीही त्रोटक का असेना, एक सबब. मुदतीबाहेर, पुरावा अपुरा, हितसंबंध सिद्ध होत नाही. ही सबब पुष्कळदा लंगडी असे, क्वचित हास्यास्पदही असे, आणि ती ऐकून माझ्या टेबलासमोर ज्यांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या अशी माणसे थोडीथोडकी नव्हती. परंतु भांडायला त्यांच्या हाती काहीतरी होते, अपिलाची वाट होती, आणि जो मनुष्य कागदावरच्या सबबीशी भांडू शकतो तो सहसा स्वतःवर उलटत नाही, हे मी त्या खुर्चीवर बसूनच शिकलो.

2025 च्या पावसाळ्यात आमच्या घरी असा एक निकाल आला की ज्याला सबबच नव्हती. वैद्यकीय प्रवेशाच्या ज्या परीक्षेला सारा देश 'नीट' म्हणून ओळखतो, तिच्यात माझी भाची पात्र ठरली होती, गुणपत्रिकेवर तसे छापलेले होते, तिच्या आईने देवापुढे पेढे ठेवले होते. आणि तरीही राज्याच्या निवड याद्या एकामागून एक लागत गेल्या, तेव्हा त्यांतल्या एकीतही तिचे नाव नव्हते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला कोणी सबब दिली नाही म्हणजे ती आपली आपणच रचू लागते, आणि ती रचताना कोणत्याही अंमलदाराला सुचणार नाही इतकी निर्दय होते. चुलतबहिणीच्या लग्नात वाया गेलेले दिवस, रात्री उशीपाशी उजळत राहिलेला मोबाइल, क्लासच्या चाचणीत एकदा चुकवलेला धडा, असे एकेक कलम ती स्वतःवर लावीत गेली आणि शेवटी ज्यावर अपीलच चालू नये असा निवाडा तिने दिला : "मी मुळातच सामान्य आहे, मामा."

मी कारकुनी पेशाचा माणूस. मला सुचले ते आकडेच. त्या वर्षी 4 मे रोजी परीक्षा झाली, तिला देशभरातून बावीस लाखांवर मुले बसली, त्यांतली बारा लाखांहून अधिक पात्र ठरली, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या खाजगी महाविद्यालयांत, जेथील शुल्क ऐकून पगारदाराने गप्प बसावे. एकशे ऐंशी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. आणि मधल्या पट्ट्यात एकेका गुणामागे उमेदवारांची अशी गर्दी की दोन गोळे इकडचे तिकडे काळे झाले तर मनुष्य हजारो क्रमांक मागे जावा. हे सारे मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडून तिला दाखवले. तिने ते लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाली, "हे सगळं खरं आहे, मामा. पण त्या सव्वा लाखांत आमच्या वर्गातल्या तिघी आहेत." ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि कोणापाशी असेल असे मला वाटत नाही, कारण गणित दुःखाचे कारण सांगू शकते, पण ज्या बाकावर आपण बसलो त्याच बाकावरून उठून दुसरी पुढे गेली, ही बोच गणिताच्या कक्षेत येत नाही. तरीही पाकीट तिने टाकून दिले नाही एवढे मी पाहिले.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा समाचार घ्यायचा तर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. त्यांतल्या एका वर्गाला सांत्वनाची इतकी घाई असते की मुलीच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वीच ते पुसायला सरसावतात. दुसरा वर्ग खिशातून उपायच काढतो, अमक्या देशात सहा वर्षांत डॉक्टर करून देणारा ओळखीचा इसम, तमक्या संस्थेत 'कोट्यातून' करून देणारा दुसरा. आणि तिसरा, जो मला सर्वांत असह्य वाटतो, तो थोर पुरुषांच्या अपयशाच्या कथा सांगतो. ह्या कथांतला नायक नापास होतो तो पुढे जगद्विख्यात होण्याकरिताच, आणि ऐकणाऱ्या मुलाला त्यातून एवढेच कळते की आता आपल्याला डॉक्टर होऊन भागणार नाही, जगद्विख्यात व्हावे लागणार. माझ्या बहिणीने ह्यांपैकी काहीही केले नाही. तिने लेकीला रोजच्याप्रमाणे भाजी निवडायला बसवले, बोलली तर पावसाविषयी आणि दुधाच्या भावाविषयी बोलली, आणि रात्री ती जागी आहे असे दिसल्यावर दिवा न लावता तिच्या अंथरुणाशेजारी आपले अंथरूण ओढून घेतले. दाजींना हे मौन खपत नव्हते. बापाला काहीतरी केल्याशिवाय माया केल्यासारखे वाटत नाही. शेवटी मी त्यांना म्हटले, "दाजी, अजून चार दिवस कोणताच अर्ज भरायचा नाही, कोणालाच फोन करायचा नाही." त्यांनी ते ऐकले, पण तेवढ्यात दुसऱ्या कोणत्या कोणत्या प्रवेशांच्या तारखा निघून जातील त्यांची एक यादी भिंतीवर लावून ठेवली, आणि ती यादी पुढे फार उपयोगी पडली, हे कबूल केले पाहिजे.

थोरांच्या कथांना मी इतका विटलेलो असतानाही एक कथा मी भाचीला सांगितली, ती आमच्या साताऱ्याचीच असल्यामुळे, आणि तिच्यातल्या थोरपणासाठी नव्हे. कोकणातल्या मुरुड गावचा एक मुलगा, धोंडो केशव कर्वे, 1875 च्या सुमारास सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्याकरिता पाठीवर ओझे घेऊन, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास आला. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी असणे अवश्य होते, आणि त्याची ती पुरी होती. परंतु देहयष्टी किरकोळ, चर्या पोरसवदा, आणि समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे एकवार पाहून, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, ह्या सबबीवर त्याला परत पाठवले. तो परत गेला, पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन उत्तीर्ण झाला, 1881 मध्ये मॅट्रिक आणि 1884 मध्ये पदवीधर झाला. ह्यापुढची हकिकत सर्वांना ठाऊक आहे आणि ती मी मुद्दाम गाळली. कचेरीतल्या माणसाला ह्या प्रसंगात मोहवते ती ती सबब. ती अन्यायाची होती, वेडगळही होती. परंतु ती अशा जातीची होती की नुसत्या एका वर्षाच्या कालगतीने ती आपोआप नाहीशी व्हावी. मुलाने काही न करता दाढीमिशा उगवल्या असत्या तरी काम भागले असते.

"मग माझी सबब कोणत्या जातीची?" भाचीने विचारले, आणि त्या प्रश्नासरशी आमचे बोलणे प्रथमच सांत्वनाच्या प्रदेशातून बाहेर पडले.

पुन्हा परीक्षेस बसावे की नाही, ह्याचा विचार आपल्याकडे जिद्दीच्या भाषेत होतो, आणि तेथेच तो बिघडतो. जिद्द कोणाला नसते? प्रश्न असा की नामंजुरीचे कारण एका वर्षाने दुरुस्त होण्याजोगे आहे काय. आजारपणाने दोन महिने बुडाले, गावात शिकवणीची सोय नव्हती, बारावीचा आणि ह्या परीक्षेचा अभ्यास एकमेकांच्या पायांत आला, उत्तरपत्रिकेवर घाईने घात केला : अशा कारणांना वर्षाचे औषध लागू पडते, आणि ज्या मुलांना ते लागू पडले अशी कितीतरी उदाहरणे लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या खोल्यांतून दरवर्षी बाहेर पडतात, लातूर पॅटर्नचा मोठेपणा नाकारण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु तेथेच, त्याच खोल्यांत, ज्यांची सबब वर्षाने मिटणारी नाही अशीही मुले दुसरे, तिसरे वर्ष काढीत असतात, आणि बापाच्या फोनला रोज 'चाललंय बरं' असे उत्तर देत असतात. भाचीने आपली प्रश्नपत्रिका स्वतः काढली आणि लाल-निळ्या पेन्सिली घेऊन बसली. जे येत होते आणि घाईने गेले ते निळे, जे येतच नव्हते ते लाल. जीवशास्त्राची पाने जवळजवळ स्वच्छ राहिली. भौतिकशास्त्राची लाल झाली. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा भाग अवघड होता अशी सर्वत्र ओरड होती, ती मी तिला आठवून दिली. ती म्हणाली, "सोपा असता तरी लालच झाला असता. मला ते आवडतच नाही, मामा. अकरावीपासून नाही." हे वाक्य ती दोन वर्षे कोणापाशी बोलली नव्हती.

दाजींच्या यादीवरचे पर्याय आता आम्ही एकेक करून घेतले, आणि बहुतेक फार वेळ टिकले नाहीत. परदेशातले वैद्यकीय शिक्षण, परतल्यावर द्यावी लागणारी पात्रता परीक्षा आणि घरावरचे कर्ज ह्यांचा हिशेब मांडताच मागे पडले. फिजिओथेरपी तिला बरी वाटत होती; आयुर्वेदाविषयी तिचे मत असे की जे आपण पुढे ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याकरिता म्हणून शिकू ते शिकू नये, आणि हे मत तिच्या वयाच्या मानाने मला फार प्रामाणिक वाटले. परिचारिकेच्या पदवीचे नाव निघाले तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर जी आठी उमटली, ती मात्र मला क्षम्य वाटली नाही. इस्पितळात रात्री दोन वाजता रोग्यापाशी कोण असते, हे ठाऊक असूनही आपला समाज त्या पदवीला उतरणीवरची जागा समजतो. नावांची अशी उतरंड कागदावर लावून बसले म्हणजे दुसरा प्रत्येक मार्ग पहिल्याच्या खालीच दिसणार. म्हणून मी सुचवले की कागद बाजूला ठेवावा आणि काम पाहून यावे.

एका सकाळी साताऱ्याहून एस.टी. धरून, खंबाटकीचा बोगदा ओलांडून, आम्ही दोघे शिरवळला उतरलो. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय मी हमरस्त्यावरून येता-जाता पाहिलेले होते, आत कधी गेलो नव्हतो. परळचे 1886 सालचे महाविद्यालय, नागपूर, परभणी, उदगीर आणि हे शिरवळ, अशी राज्यातली जुनी सरकारी महाविद्यालये नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतात, आणि त्यांचा साडेपाच वर्षांचा प्रवेश 'नीट'च्याच गुणांवर होतो, एवढी माहिती दाजींच्या यादीत होती. यादीत नव्हते ते चिकित्सालयाच्या अंगणात होते. लोखंडी खोड्यात एक म्हैस उभी होती. तिचा मालक, पावसाने भिजलेली टोपी काखेत धरून, तिच्या शिंगांपाशी हात ठेवून तिच्याशीच काहीतरी पुटपुटत होता. आणि भाचीहून फार तर चार वर्षांनी मोठी असलेली एक विद्यार्थिनी खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवून, डोळे मिटून, त्या म्हशीच्या पोटात हाताने काही शोधीत होती. रोगी बोलत नाही, मालक बोलतो ते निम्मे चुकीचे, आणि यंत्र येण्यापूर्वी निदान बोटांच्या टोकांनी व्हायचे : वैद्यकाची विद्या इतकी उघडी मी माणसांच्या इस्पितळात कधी पाहिली नव्हती. त्या मुलीने हात बाहेर काढला, शिक्षकांना दोन वाक्ये सांगितली, त्यांनी मान हलवली, आणि मालकाने विचारले, "ताई, जगंल ना?" ती 'हो' म्हणाली नाही. कासदाह कधीपासून आहे, दूध कोणत्या सडातून बंद झाले, कोणते इंजेक्शन आधी कोणी दिले, हे तिने विचारले, आणि तो मनुष्य, ज्याची सारी मिळकत त्या खोड्यात उभी होती, एकेका प्रश्नाला उत्तर देता देता सावरत गेला.

भाची तेथून हलेना. 2022 च्या लम्पीच्या साथीत काय झाले, लाळ्या-खुरकुताची लस कधी देतात, गाय अडली तर वासरू कसे फिरवतात, मुलींना मोठ्या जनावरांची भीती वाटते काय, असे तिचे प्रश्न त्या विद्यार्थिनीमागे चालू राहिले. आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले की भीती सर्वांनाच वाटते, लाथ मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. परतीच्या गाडीत ती आनंदाने बोलत होती असे मी लिहिणार नाही, कारण ती खिडकीबाहेरच पाहत होती, आणि वेळे गाव मागे पडल्यावर म्हणाली, "पण लोक मला डॉक्टर म्हणतील का?" मी म्हटले, गावात म्हणतील, शहरात कदाचित हसतील. तिला हे उत्तर आवडले नाही. मला त्याहून बरे उत्तर ठाऊक नव्हते, आणि खोटे द्यायला ती आता लहान राहिलेली नव्हती.

अर्ज तिने भरला. तहसील कचेरीतून अधिवासाचा दाखला आधीच काढलेला होता, तोच पुन्हा कामी आला. पसंतीक्रम लिहिताना मात्र घरात नवा वाद उभा राहिला : तिने पहिल्या ठिकाणी परळ लिहिले, कारण तेथे कुत्रीमांजरीही फार येतात आणि मुंबई पाहायला मिळते, दाजींचे म्हणणे शिरवळ, कारण ते घरापासून दोन तासांवर, बहिणीला दोन्हीकडच्या वसतिगृहाच्या खानावळीची माहिती पाहिजे. लातूरच्या एका क्लासचे माहितीपत्रकही टेबलावर तसेच होते, ते अजून कोणी फाडलेले नव्हते, आणि ते फाडावे असा आग्रह मीही धरलेला नव्हता. मुदत शनिवारपर्यंत होती.