बोली आणि बदली

मराठीत 'बोली' या शब्दाचे तीन अर्थ रूढ आहेत. मालवणी, अहिराणी, चंदगडी ही नावे ज्यामुळे संभवतात तो पहिला अर्थ. दुसरा अर्थ व्यवहारातला आहे. 'तशी बोलीच झाली होती' असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा दोघांनी समोरासमोर बसून तोंडी ठरविलेल्या अटी त्याला अभिप्रेत असतात. लिलावात पुकारली जाणारी बोली हा तिसरा अर्थ. पहिल्या अर्थाला एक समाज लागतो आणि दुसऱ्याला किमान दोन माणसे लागतात. तिसऱ्या अर्थालाही पुष्कळ माणसे लागतात. परंतु ज्याच्यावर बोली लागते त्याने बोलण्याची गरज उरत नाही. भांडे, बैल किंवा जमीन लिलावात निघते तेव्हा हे मौन स्वाभाविकच असते. माणूस लिलावात निघाला की तेच मौन विचार करावयास लावते.

हा विचार जबलपूरच्या विजय नगरसारख्या वसाहतीत सुचावा, याला तशी कारणे आहेत. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १८७० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याहून आलेला लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, पुढे वीज मंडळ, अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि एकाच प्रांताची माणसे दोन राज्यांची झाली. अशा घरांत 'बदली' हा शब्द सणवारांच्या नावांइतका ओळखीचा असतो. कोणत्या मुलाचा जन्म कोणत्या गावचा, हे तेथे बदल्यांच्या क्रमाने सांगितले जाते. आणि याच घरांत मराठी बोली हिंदीच्या शेजाराने निराळा सूर धरते. 'बोली लागली' आणि 'बोली लगी' यांतले अंतर तेथे एका स्वराइतकेच असते.

विजय नगरातील अशाच एका घरात केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. त्यांना कबड्डीचे वेड आहे. त्यांच्या लहानपणी हा खेळ 'हुतूतू' होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत कबड्डीपटूची महत्त्वाकांक्षा मर्यादित असे. एखादी बँक, रेल्वे किंवा तेलकंपनी यांच्या संघात निवड व्हावी आणि त्यायोगे कायमची नोकरी मिळावी, एवढीच ती होती. खेळ संपला तरी नोकरी राही, पुढे निवृत्तिवेतनही मिळे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे गणित बदलले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेशकुमारवर, १२ लाख ८० हजारांची. २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले गेले. २०२३ मध्ये पवन सेहरावतवरील बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर जाऊन थांबली.

या गृहस्थांच्या आवडीचा खेळाडू मात्र सिद्धार्थ देसाई. तो कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. हा तालुका एका बाजूने बेळगावला आणि दुसऱ्या बाजूने कोकणाला टेकलेला, म्हणून तेथील चंदगडी बोलीत कन्नड आणि कोकणी या दोहोंचे पाणी मिसळले आहे. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. एका हंगामातच तो देशभर माहीत झाला. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाखांची बोली लावली, आणि चंदगडचा गडी मुंबईचा होता होता हैदराबादचा झाला. पुढे दुखापतीमुळे एका हंगामातील बहुतेक सामन्यांना त्याला मुकावे लागले. २०२३ मध्ये तो हरियाणाच्या संघात गेला, १ कोटीला. हा चढउतार अपकीर्तीचा नाही. १ कोटी ही रक्कम चंदगडच्या डोंगराळ शेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबूनही उभी राहणार नाही. तरीही ध्यानात येते ते असे की, या सर्व काळात त्याच्या चढाईविषयी जितके बोलले गेले त्याहून अधिक त्याच्या किमतीविषयी बोलले गेले.

हंगाम संपला की असे बोलणे सुरू होते. कोणता संघ कोणाला राखणार, कोणाला सोडणार, कोण कोणाच्या डोळ्यांत भरला आहे, याच्या आवया उठतात. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये मुंबईकडून खेळून विजेता झाला, २०१८ मध्ये १ कोटीला पुन्हा मुंबईत आला, आणि २०२२ मध्ये १ कोटी ३८ लाखांना मुंबईच्या शेजारप्रतिस्पर्ध्याकडे, पुण्याकडे गेला. मुंबईकर चाहत्याने काय करावयाचे? काल ज्याच्या पकडीवर टाळ्या पिटल्या, त्याच्याच पकडीत आज आपला चढाईपटू सापडला, तर हळहळावे की मनातल्या मनात दाद द्यावी? चाहत्याची निष्ठा गावाशी असते, खेळाडूचा करार संघाशी असतो, आणि संघाची निष्ठा पुढच्या हंगामाशी असते. या तिन्ही निष्ठांचा मेळ बसत नाही, म्हणून ती पोकळी अटकळीने भरली जाते. अटकळ हा चाहत्याने लावलेला एक प्रकारचा बिनपैशांचा सट्टाच होय.

हे सारे नवे आहे असे मात्र समजू नये. मराठी रंगभूमीने हा अनुभव एका शतकापूर्वीच घेतला आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १८८० मध्ये स्थापन झालेल्या एका मातब्बर संस्थेचा कणाच त्यामुळे हलला. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, मास्टर दीनानाथही किर्लोस्कर सोडून बळवंत संगीत मंडळीत आले. बोडसांचे 'माझी भूमिका' आणि टेंब्यांचे 'माझा जीवनविहार' ही आत्मचरित्रे केवळ कलेचा इतिहास म्हणून वाचली जातात. पण कंपनी म्हणजे काय, भागीदारी म्हणजे काय आणि नटाचे त्यात स्थान कोणते, या प्रश्नांसाठीही ती वाचावयास हवीत. तेथेही प्रेक्षक दोन तटांत विभागले होते. तरीसुद्धा १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहू शकले. त्या दिवशी ते कोणत्याही मंडळीच्या मालकीचे नव्हते. दोघांनी आपापल्या संमतीने मांडलेला तो प्रयोग होता, आणि त्याची आठवण टिकली याचे एक कारण कदाचित हेच असावे.

रंगभूमीच्या याहून खालच्या मानल्या गेलेल्या थरावर, तमाशात, हा व्यवहार अधिक उघडा दिसतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवितात. या ठरविण्याला 'सुपारी' म्हणतात. सुपारी हे निमंत्रण असते. देणारा येतो, विचारतो, घेणारा हो म्हणतो. पण फडमालक आणि कलावंत यांच्यातला शब्द निराळा आहे, आणि तो शब्द म्हणजे 'उचल'. हंगामाआधी कलावंताला आगाऊ रक्कम द्यावयाची आणि त्याने ती फिटेपर्यंत फडात राहावयाचे. हाच शब्द ऊसतोडणीच्या मजुराला मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेलाही आहे. उचल घेतलेला माणूस हंगामाच्या अखेरीस काही वेळा रिकाम्या हाताने, आणि काही वेळा शिल्लक बाकी डोक्यावर घेऊन घरी परततो. सुपारीने कला बांधली जाते, ती एका रात्रीपुरती. उचलीने माणूस बांधला जातो. मराठी भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले, यात तिचे व्यवहारचातुर्य आहे आणि तिची नैतिक जाणीवही आहे.

मग खेळाडूच्या लिलावाला यांपैकी कोणत्या ओळीत बसवावयाचे? रक्कम पाहिली तर तो राजदरबारच्या बिदागीला लाजवील. उचलीशी त्याची तुलना करणे ऊसतोड कामगारावर अन्याय केल्यासारखे होईल. तथापि रक्कम हा या प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग विजय नगरातील त्या घरात एका ऑक्टोबर महिन्यात दूरध्वनीवरून पुढे आला. गृहस्थांचा नातू नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो आणि तेथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये रमलेला आहे. अंतिम सामना आटोपला की तेथे क्लबांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते. एका खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू, अथवा नवोदितांच्या निवडीतला क्रमांक, असा तो व्यवहार असतो. त्या वर्षी ज्याच्या नावाची महिनाभर चर्चा चालली होती, तो खेळाडू अखेर आपल्याच क्लबात राहिला.

"आजोबा, दोन्ही क्लबांचं ठरलं होतं. पण तोच नाही म्हणाला."

"नाही म्हणता येतं?"

या तीन शब्दांच्या प्रश्नामागे छत्तीस वर्षांची नोकरी होती. तीत सात बदल्या झाल्या. त्यांतली एक शाळेचे वर्ष मध्यावर असताना आणि घरात आजारपण असताना आली. अर्ज केला, तो नामंजूर झाला. आदेशावर 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच लिहिले होते. ते गेले, कारण न जाण्याची तरतूद त्यांना ठाऊक नव्हती. नातवाने समजावून सांगितले की, तेथे कराराची मुदत चालू असताना खेळाडूच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे धाडता येत नाही; आणि २०१२ पासून ठरावीक वर्षे एका क्लबाची सेवा केलेल्या खेळाडूला करार संपताच आपला मार्ग निवडण्याची मुभाही मिळाली आहे.

ही मुभा आपसूक मिळालेली नाही. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा क्लबच्या क्लब सिडनीला हलविण्यात आला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला सिडनीला जावयाचे नव्हते. त्याला मेलबर्नमध्येच, सेंट किल्डाकडून खेळावयाचे होते. त्याला मोकळे करण्यास नकार मिळाला तेव्हा त्याने न्यायालयात धाव घेतली. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूला अडवून धरणारे ते नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला. बदलीचा आदेश नाकारणारा माणूस म्हणून फॉस्किनीकडे पाहिले, तर विजय नगरातील गृहस्थ आणि तो यांच्यातले अंतर एकदम कमी होते.

आपल्याकडेही कायद्याचा आधार नाही असे नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे २७ वे कलम, व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरविते. या कलमाचा खेळाडूच्या बाबतीतला गाजलेला निकाल अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) श्रीरामपूरच्या गोलंदाजाचा, जहीर खान याचा आहे. जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याने २००० मध्ये तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही, दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तितकीच रक्कम देऊन त्याला आपल्याकडे ठेवण्याची पहिली संधी आपलीच, असे कंपनीचे म्हणणे होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. आणि कबड्डीच्या लिलावात पाहावे तो, शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याची सोय संघांना दिलेली आहे. दोन्ही प्रकरणे कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत. लीगमध्ये उतरणारा खेळाडू तिचे नियम पत्करूनच उतरतो. तरी दोहोंत विचार करण्याजोगे साम्य आहे. दोन्हींकडे बरोबरी करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. 'मला तिकडेच जावयाचे आहे' असे म्हणण्याचा हक्क ज्याचा प्रस्ताव चालला आहे त्याला असावा की नसावा, हा प्रश्न एके ठिकाणी न्यायालयापुढे गेला, दुसऱ्या ठिकाणी तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही.

लिलावाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पूर्वी खेळाडूची किंमत एखाद्या साहेबाच्या मर्जीवर ठरे. आता ती चारचौघांत, उजेडात ठरते. खेड्यातल्या मुलाला वशिला लागत नाही, त्याची चढाई पुरते. शिवाय पैशाला नाक मुरडणे हे पोट भरलेल्यांचे व्यसन आहे. नटाने पैशाकडे पाहू नये असे म्हणणारे मात्र त्याचे देणे फेडावयास पुढे आले नाहीत, हेही रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेव्हा लिलाव बंद करावा, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि 'करार' हा अरबीतून आला. त्या भाषेत त्याच्या मुळाशी स्थिरावणे, विसावणे हा भाव आहे. ज्या करारात दर हंगामाला माणूस नव्या गावी पाठविला जातो त्याला करार म्हणणे, हा भाषेचा एक विनोदच होय.

परके शब्द मात्र या बाबतीत आपल्याला वाट दाखविणार नाहीत. वाट दाखवील तो आपलाच शब्द. बोलीचा दुसरा अर्थ, म्हणजे दोघांनी बसून ठरविलेल्या अटी, आता खेड्यांतूनही मागे पडत चालला आहे. त्या अर्थी बोली करावयाची तर समोरच्याला विचारावे लागते, त्याचे ऐकावे लागते, आणि तो 'नाही' म्हणाला तर उठून यावे लागते. बोली लागण्याआधी बोली व्हावी, कोणत्या गावी खेळावयाचे हे खेळाडूलाही विचारले जावे, एवढे जरी घडले तरी लिलावाच्या सभागृहातले ते मौन मोडेल. चंदगडच्या माणसाने ते आपल्या बोलीत मोडले, तर त्या शब्दाचे तिन्ही अर्थ एका ठिकाणी येतील.