बीडीडी चाळ : भीमगीतांचे माहेरघर

सहा डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर येतो. बाबासाहेबांना अभिवादन करतो, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतो, डफ-ढोलकीवर गाणारी कलापथके ऐकतो आणि रात्रीच्या गाडीने गावी परततो. ही गाणी ज्या वस्तीत वाढली, ती वस्ती मात्र पाहायची राहून जाते. दादरला पूर्वेकडे उतरून चालत गेले की नायगावच्या बीडीडी चाळी लागतात. वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी ही त्यांची भावंडे.

इंग्रज सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर या चाळी उभारल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. नळ, संडास, व्हरांडा सारे सामाईक. गावकुसाबाहेरचा आपला माणूस पोटासाठी मुंबईत आला, गिरणीत आणि गोदीत राबला आणि इथे पथारी टाकून राहिला. घरात पाय पसरायला जागा नाही, म्हणून माणसे चौकात बसली. तिथेच बाबासाहेबांच्या सभांची चर्चा झाली आणि तिथेच ढोलकी वाजली.

महाकवी वामनदादा कर्डक मूळचे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. जन्म १९२२ चा. शाळेचे तोंड न पाहिलेला हा तरुण शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायला आला. तिथे एका मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते जोडाक्षरे शिकले. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला काय ठाऊक, की आपल्या अक्षरांवर एक महाकवी घडतो आहे! १९४३ पासून वामनदादा गीते लिहू लागले आणि २००४ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी गावोगाव बाबासाहेब पोचवले. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्मही नायगावचाच. २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

त्याही आधी, १९३० नंतरच्या काळात, भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा बाज घेतला. पण देवादिकांचे स्तवन आणि शृंगार टाकून दिला. त्या जागी शिक्षण, स्वाभिमान आणि सावकाराच्या पाशातून सुटका हे विषय आणले. अक्षरओळख नसलेल्या आयाबायांना चळवळ कळली ती या जलशांतून.

बंधू-भगिनींनो, भीमजयंतीचे गाणे एकट्याने कधीच झाले नाही. एकाने गीत लिहावे, दुसऱ्याने चाल लावावी, तिसऱ्याने पेटी धरावी, चौथ्याने कोरस सांभाळावा. मंचामागे बुद्ध-बाबासाहेबांचे चित्र रंगवायचे ते चाळीतल्याच पेंटरने, कामावरून आल्यावर, रात्र जागून. महिला मंडळाने घरोघरी वर्गणी मागायची आणि कलाकारांच्या जेवणाची सोय करायची. कित्येकांना बिदागी म्हणून फक्त चहा मिळाला. तरीही तालमीला कोणी चुकले नाही, कारण ते काम समाजाचे होते. १९७४ च्या वरळी दंगलीत याच चाळींनी लाठ्या खाल्ल्या, पण गाणे थांबले नाही.

आता या चाळींचे दिवस पालटत आहेत. वरळीत पुनर्विकास होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. याचा आनंदच आहे. ज्या माउल्यांनी जन्मभर नळावर रांगा लावल्या, त्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण मनोऱ्यात दार लागले की शेजारच्याचा आवाज येत नाही. तालीम कुठे बसायची? ढोलकी कुठे ठेवायची?

म्हणून दोन विनंत्या. जुनी खोली रिकामी करताना आजोबांची गाण्यांची वही, कॅसेटी आणि रंगवलेले पडदे रद्दीत देऊ नका. तो आपला इतिहास आहे. तो विहारात किंवा वाचनालयात द्या. आणि नव्या सोसायटीत सभागृह मागताना, ते आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींच्या गायनासाठी आणि चित्रकलेसाठी राखून ठेवा.

पुढच्या डिसेंबरला मुंबईत याल तेव्हा मुलांना हाताला धरून नायगावात नक्की न्या. त्यांना सांगा, की आपले कवी इथे घडले.

जय भीम!