माझे घाट, वाघाची वाट

लोटे गावात राहणाऱ्या माणसाला रस्त्याचं महत्त्व शिकवावं लागत नाही. एमआयडीसीचे टँकर, कामगारांच्या बसगाड्या, चिपळूणचा दवाखाना, सगळं मुंबई-गोवा महामार्गावर अवलंबून. परशुराम घाट रुंद करायला डोंगर कापला, तेव्हा मला आनंद झाला होता. डोंगराचं काहीच वाटलं नव्हतं.

त्याच नजरेने मी सह्याद्रीतल्या सहलीचा बेत आखायला बसलो. कुंभार्ली चढून कोयनानगर, मग चांदोली राष्ट्रीय उद्यान, पुढे आंबा घाट उतरायचा, अणुस्कुरा चढायचा आणि गगनबावड्यावरून राधानगरी. घाट जितके जास्त, तितकी सहल चांगली. चांदोलीतून आरपार गाडी नेता येत नाही, याचा मला राग आला. वनखातं उगाच अडवतं, असं घरात बोललोही. गाडीच्या काचेतून दिसेल तेच जंगल, आणि ते बघणं हा माझा हक्क, एवढीच माझी समज होती.

ती समज नकाशावरच मोडली. राधानगरीची माहिती शोधताना वाचलं, की तिथे कॅमेऱ्यात आलेला एक नर वाघ 2023 च्या डिसेंबरात चांदोलीत टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. मी नकाशावर त्याची वाट शोधू लागलो. सह्याद्रीच्या धारेने उत्तरेकडे यायचं, तर गगनबावड्याचा, अणुस्कुऱ्याचा आणि आंब्याचा रस्ता ओलांडावाच लागतो. माझ्याच यादीतली नावं, उलट्या क्रमाने. त्या नावांवरून माझी नजर हलेना. जिथे थांबून मला फोटो काढायचे होते, तिथे तो अंधारात, गाड्या थांबायची वाट बघत दबून बसला असेल.

चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथे वाघ नांदायचा, तर दक्षिणेकडची ही वाट शाबूत राहायला हवी. ज्या रस्त्यांनी माझी सहल जोडली जात होती, तेच त्याच्या जंगलाचे तुकडे पाडत होते. आणि जिथे रस्ता नाही म्हणून मी चिडलो, नेमका तिथेच तो येऊन पोहोचला होता. चांदोलीतली गावंच्या गावं उठली, माणसांनी घरं सोडली. मला एक रस्ता सोडवत नव्हता.

बेत बदलला. एकच घाट, एकाच जागी मुक्काम, घाटातला प्रवास दिवसाउजेडी, जंगलात वाटाड्यासोबत पायी. कमी बघून होईल, आणि ते मला चालेल.

रस्तेच नकोत, असं मी म्हणणार नाही. लोट्यात राहून तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचजवळ रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे, आणि वाघ ती वापरतात. रुंद रस्त्यासाठी मी आजवर हिरिरीने बोललो. आंबा घाटात जनावरांनाही वाट ठेवा, हेही मला तितक्याच जोराने बोललं पाहिजे.