घाई आणि शेजारधर्म

चांगला शोमरोनी कोण, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील तो दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. वाटेत अर्धमेला पडलेला मनुष्य पाहून याजक निघून गेला, लेवीही निघून गेला. शोमरोनी मात्र थांबला. ते दोघे का थांबले नाहीत, असे विचारल्यास 'त्यांचे अंतःकरण कठोर होते' असे उत्तर आपण चटकन देतो. हे उत्तर पुरेसे आहे काय, याविषयी आम्हांस शंका आहे.

इसवी सन १९७० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी याच दाखल्यावरून एक प्रयोग केला. धर्मसेवेचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक करून जवळच्या इमारतीत छोटेसे भाषण करण्यास धाडले. काहींच्या भाषणाचा विषय तर चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता! वाटेत एका दारापाशी एक मनुष्य मान खाली घालून, डोळे मिटून, खोकत व कण्हत बसला होता. तो मुद्दाम बसविलेला होता, हे त्यांस ठाऊक नव्हते. निघताना काहींना सांगण्यात आले होते की तुम्हांस उशीर झाला आहे. काहींना, की आता निघालात तर वेळेवर पोहोचाल. आणि काहींना, की अद्याप अवकाश आहे.

ज्यांस अवकाश होता त्यांपैकी शेकडा ६३ जणांनी काही ना काही साहाय्य केले, मधल्यांपैकी शेकडा ४५ जणांनी, आणि घाईत असलेल्यांपैकी अवघ्या शेकडा १० जणांनी. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडल्याचे त्यांस दिसले नाही.

चाळीस जणांवरून साऱ्या मानवजातीचा निवाडा करता येत नाही, हे खरे. तथापि असल्या प्रयोगांवरून, मनुष्याचा स्वभाव म्हणून काही नसतेच, सारा खेळ परिस्थितीचा, असेही काही तत्त्वज्ञ म्हणू लागले. येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनास यांची आठवण होते. ॲरिस्टॉटलचा धागा धरून तेराव्या शतकात त्यांनी शिकविले की सद्गुण म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या कृतींनी अंगी मुरलेली सवय होय. तसे असेल तर केवळ दाखला पाठ असल्याने कोणी शोमरोनी होणार नाही, यात नवल ते काय?

मनुष्य कसा वागतो, हे मानसशास्त्र दाखविते. त्याने कसे वागावे व त्याचा दोष किती, हे तत्त्वज्ञान विचारते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथातही भय, सवय व इतर मानसिक कारणांनी मनुष्याची जबाबदारी उणावू शकते, असे मान्य केले आहे. पण उणावणे म्हणजे नाहीशी होणे नव्हे. घाई आपणांस आंधळे करते हे एकदा कळल्यावर, ती आवरणे हेही आपले कर्तव्य ठरते.

मिस्सा सुटताच बस गाठण्यासाठी आपण धावतो, तेव्हा पायरीवर टेकलेली वृद्ध शेजारीण आपल्या दृष्टीस पडत नाही. आपण दुष्ट नसतो, घाईत असतो. परंतु तिला त्याचे काय? म्हणून रात्री प्रार्थनेच्या वेळी आत्मपरीक्षण करताना 'आज कोणते पाप केले?' याबरोबरच 'आज कोणास ओलांडून गेलो?' असेही विचारावे. आणि उद्या घरून थोडे लवकर निघावे. थांबण्याची सवय अशीच लागते.