सांधा

वाद्याची खरी परीक्षा त्याच्या सांध्यांत होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी वसतिगृहाच्या सुतारखोलीत मुलांसमवेत गिटार बांधू लागल्यापासून ही गोष्ट आम्हांस पुरती पटली आहे.

गिटारच्या बाजूची पट्टी जेमतेम २ मिलिमीटर जाड. एवढ्याशा काठावर पाठ टिकणार नाही, म्हणून आतून करवतीच्या खाचा पाडलेली लवचीक अस्तरपट्टी लावतात. पाठही सपाट नसते; तिला सुमारे ४.५ मीटर त्रिज्येचा हलका फुगवटा असतो. काठ त्या उतारावर घासला नाही, तर कंबरेपाशी फट राहते. पाठीच्या आडव्या पट्ट्यांची टोके जिथे बसतात त्या खाचा उथळ असल्या, तरी पाठ उचललेलीच राहते.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांच्या गिटारला अशीच फट राहिली. भीमजयंती जवळ आली होती. ‘सर, भुसा आणि सरस भरून वर पॉलिश करू, कुणाला दिसणार?’ असे काहींनी सुचविले. काहींना शिकंजे करकचून आवळावेसे वाटले. आवळल्याने फट मिटते. पण लाकूड ताणाखाली राहते, सरस पिळून निघतो आणि हवा कोरडी झाली की सांधा उघडतो. सहा पोलादी तारांची एकत्रित ओढ ७० किलोच्या आसपास भरते, हेही विसरून चालत नाही.

एका मुलीने आमचाच इतिहास आमच्यापुढे ठेवला. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार घडविली होती. मग पाठीची एवढी चिंता का? आम्ही म्हणालो, पाठ कशाचीही असो, ती सुटी नसावी. सुटा सांधा सुरांत खरखरतो.

अखेर गरम केलेली पातळ सुरी कडेने सरकवीत पाठ उघडली. जुन्या सरसावर नवा धरत नाही, म्हणून तो खरवडला. काठावर पेन्सिलीच्या रेघा ओढून, काचपेपर लावलेल्या खोलगट साच्यात त्या पुसल्या जाईपर्यंत काठ घासला. खाचा खोल केल्या. मग सरसाविना पाठ बसवून, अंधार करून पेटीत दिवा सोडला. कोठूनही प्रकाश निसटेना, तेव्हाच सरस लावला.

जयंतीला ती गिटार वाजली नाही. मुले हिरमुसली. पंधरवड्याने प्रार्थनासभेत ती वाजली, तेव्हा पहिल्या रांगेतील मुलांनी कान टवकारले होते, खरखर ऐकण्यासाठी. ती आली नाही. निरनिराळ्या गावांतून येथे आलेल्या लेकरांना जुळवितानाही आम्ही शिकंजा शेवटीच हाती घेतो.