वाळूवरची वर्तुळे

युद्धात विमान चालवलेल्या आजोबांच्या आठवणींत पराक्रमापेक्षा प्रतीक्षाच अधिक जागा व्यापते, आणि लोंगेवालाच्या बाबतीत तर ते विशेषच खरे असावे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे राजस्थानातील त्या चौकीवर चालून आले, तेव्हा जैसलमेरच्या हंटर, म्हणजे ब्रिटिश बनावटीच्या लढाऊ जेट, विमानांत रात्री लढण्याची साधने नसल्याने वैमानिकांना उजाडेपर्यंत थांबणे भाग पडले. उजाडल्यावर हल्ला चुकवू पाहणाऱ्या रणगाड्यांच्या मागांनी वाळूवर वेडीवाकडी वर्तुळे उमटली, जी हवाई छायाचित्रांत आजही दिसतात. आतली माणसे मात्र दिसत नाहीत, आणि नातवंडेही (स्वाभाविकपणे) विमानाचा वेगच विचारतात. ‘बॉर्डर’ या हिंदी चित्रपटाने चौकीची रात्र घरोघरी पोहोचवली, धावपट्टीवरची रात्र मात्र उपेक्षितच राहिली.